बाबांनी शब्दकोडं सोडवणं थांबवलं होतं : नैराश्य ओळखायला आम्हांला आठ महिने लागले

केवडा | १२ जून, रात्री १०:४२

लिहू की नको यात दोन महिने गेले. शेवटी बाबांनाच विचारलं. ते म्हणाले, "माझं नाव घालू नकोस, बाकी सगळं लिही. आपल्याला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर बरं झालं असतं." म्हणून हा धागा.

बाबा ७१ वर्षांचे. आई आणि ते कराडला राहतात. ३४ वर्षं शाळेत गणित शिकवलं. सकाळी पेपर आला की आधी मागच्या पानावरचं शब्दकोडं, मग बातम्या. तेही पेनने. खाडाखोड झाली की स्वतःवरच चिडायचे. गेल्या वर्षी जूनमध्ये माहेरी गेले होते, रद्दी बांधताना दिसलं की दोन-अडीच महिन्यांची सगळी कोडी कोरी. आईला विचारलं तर म्हणाली, "मोतीबिंदू काढल्यापासून बारीक अक्षराचा कंटाळा करतात." मला पटलं. दोरी बांधून रद्दी दारात ठेवली.

मग दाढी रोजची एक दिवसाआड झाली, मग आठवड्यातून एकदा. सकाळचं फिरणं बंद झालं. त्यांच्या फिरायच्या गटातले एक जुने मित्र वारले होते, त्यामुळे आम्हांला तेही साहजिक वाटलं. मग पोट सुरू झालं. साफ होत नाही, गच्च वाटतं, तोंडाला चव नाही. सोनोग्राफी झाली, एंडोस्कोपी झाली, दोन वेळा रक्त तपासलं. काही निघालं नाही. वजन मात्र सात किलो उतरलं. काही निघत नाही म्हटल्यावर बाबा आणखी खचले, "म्हणजे डॉक्टरांनाही कळेना" असं म्हणायला लागले.

पहाटे साडेतीनला उठून ओट्यावर बसायचे. आई विचारायची, तर "झोप झाली" म्हणायचे. संध्याकाळी जरा बरे दिसायचे, दोन शब्द बोलायचे. म्हणून मी फोन संध्याकाळीच करायचे, आणि मला ते बरेच आहेत असं वाटायचं.

दिवाळीत मनगटावरचं घड्याळ काढून भाच्याला दिलं. जानेवारीत मला समोर बसवून एफडीच्या पावत्या, नॉमिनी, लॉकरची किल्ली, सगळं दाखवलं. मी पुण्याला येऊन नवऱ्याला कौतुकाने सांगितलं, बाबा किती व्यवस्थित आहेत बघ. हे वाक्य आठवलं की अजून पोटात कालवतं.

त्याच सुमारास ते सारखं म्हणायला लागले, "मला काही आठवत नाही, माझं डोकं गेलं." आम्ही सगळे स्मृतिभ्रंश म्हणून घाबरलो. फेब्रुवारीत तेवढ्यासाठी नव्या डॉक्टरांकडे गेलो. वयाने माझ्याहून लहान बाई. त्यांनी पोटाबद्दल शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "सर, गेल्या दोन आठवड्यांत एरवी आवडणाऱ्या गोष्टींत मन लागतंय का? उदास, हताश वाटतं का?" बाबा म्हणाले, "मन लागायला राहिलंय काय?" आणि रडले. मी ४३ वर्षांची आहे. त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं.

त्या डॉक्टरांनी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे एक गोष्ट कळली, ती वृद्ध आईवडील असलेल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. स्मृतिभ्रंशाचा माणूस सुरुवातीला विसरणं झाकायचा प्रयत्न करतो, काहीतरी जुळवून उत्तर देतो. नैराश्यातला माणूस स्वतःच पुन्हा पुन्हा सांगतो की मला आठवत नाही, आणि प्रश्न विचारला की प्रयत्नही न करता "माहीत नाही" म्हणून मोकळा होतो. बाबांचं अगदी असंच होतं. थायरॉइड आणि बी-१२ तपासलं. बी-१२ कमी होतं, त्याची इंजेक्शनं दिली आणि नैराश्याच्या गोळ्या सुरू केल्या. डॉक्टरांनी त्यांना माझ्यासमोर सरळ विचारलं, "जगू नये असं मनात येतं का?" बाबा म्हणाले, "रोज पहाटे." मी शेजारच्या खुर्चीत होते.

पहिले तीन आठवडे काहीच फरक नव्हता, उलट मळमळ. मग झोप सुधारली, मग भूक. कोडं ते अजूनही सोडवत नाहीत. पण परवा आईला म्हणाले, "चहात आलं कमी पडलंय." आठ महिने जे समोर येईल ते गपचूप प्यायले होते. आई आत जाऊन रडली.

या सगळ्या काळात "मला दुःख होतंय" असं बाबा एकदाही म्हणाले नाहीत. चव नाही, त्राण नाही, पोटात खड्डा पडतो, डोकं चालत नाही, एवढंच. आमची आजी असती तर दोन दिवसांत म्हणाली असती, "याने कशाची तरी हाय खाल्लीय." तिच्याकडे शब्द होता. आम्ही शिकलेले लोक रिपोर्ट चाळत बसलो.

माझी विनंती आहे. तुमच्या घरात किंवा तुमच्या स्वतःच्या बाबतीत असं झालं असेल तर लिहा. नवीन काय सुरू झालं यापेक्षा रोजचं काय थांबलं होतं, आणि ते माणूस कोणत्या शब्दांत बोलत होतं, हे लिहा.

चांदणचुरा | १२ जून, रात्री ११:१५

वाचून गप्प झाले. माझी सासू गेली सहा महिने देवासमोर रांगोळी काढत नाहीये. गुडघे दुखतात म्हणते. उद्या विचारते.

धुऱ्यावरचा | १२ जून, रात्री ११:५८

अमरावती जिल्ह्यातला आहे. माझ्या काकाचं सांगतो. सात एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण असते. बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून शेकतात, दुसऱ्या दिवशी शिंगांना हिंगूळ, बेगड, अंगावर झूल. काकाचा हा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. त्या साली त्यानं पोराला सांगितलं, "तूच कर, मले जमत नाई." आणि धुऱ्यावर जाऊन बसला. घरच्यांनी म्हटलं, पीक बुडालं म्हणून नाराज आहे. कर्ज होतं, पाऊस नव्हता, नाराज असायला कारण होतंच. कारण समोर दिसत होतं, तिथंच आम्ही फसलो. कारण दिसलं की माणूस आजार शोधत नाही.

दुसरं म्हणजे काका कधी रडला नाही, उदास दिसला नाही. तो चिडायचा. ताट आपटायचा, बोललं की अंगावर यायचा. आधी बाजाराच्या दिवशी घ्यायचा ती दारू रोजची झाली. सगळा गाव म्हणे, दारूनं वाया गेला. नंतर डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा कळलं की झोप आधी गेली, दारू नंतर आली. झोपायसाठी पीत होता. केवडाताईंचे बाबा मलूल झाले म्हणून उशिरा का होईना दिसले तरी. आमचा माणूस रागाच्या आड लपला होता.

तो म्हणायचा, "डोक्स्यात भुंगा फिरते" आणि "जीव लागत नाई". एवढंच.

आमच्या जिल्ह्यातल्या काही गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला होता. गावातलेच कार्यकर्ते घरोघर जाऊन बोलत, गरज असेल त्याला तपासणीपर्यंत पोचवत. सुरुवातीला तिथं नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक मदत घेत होते, दीड वर्षानं तेच प्रमाण २७.२ टक्के झालं. तज्ज्ञ काही घरोघर गेले नव्हते. ओळखीचं माणूस ओट्यावर बसून विचारत होतं. आमचं गाव त्यात नव्हतं. काकाला विचारायला आम्ही उशीर केला, पण तो आहे. मागच्या पोळ्याला हिंगूळ त्यानंच लावला.

जुना_वाचक | १३ जून, सकाळी ७:०५

केवडा, तुमच्या वडिलांना बरं वाटतंय हे वाचून समाधान झालं. मी ६८ वर्षांचा आहे, तीन वर्षांपूर्वी पत्नी गेली. एक शंका मनापासून विचारतो. दुःख, एकटेपणा, म्हातारपण हे जगण्याचाच भाग आहेत. प्रत्येक उदासीला आजाराचं नाव दिलं तर माणसं सोसायचं विसरतील असं मला वाटतं. वर्षभर माझंही कशात लक्ष नव्हतं. मी डॉक्टरकडे गेलो नाही, हळूहळू सावरलो. मग माझं ते काय होतं?

मनवैद्य | १३ जून, दुपारी २:३०

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, एका जिल्हा रुग्णालयात काम करतो. केवडा, तुम्ही स्वतःला फार दोष देताय. माझ्याकडे येणारे कितीतरी पेशंट आधी पोटाचे, हाडांचे, हृदयाचे डॉक्टर करून आलेले असतात. आपल्याकडे मन शरीरातून बोलतं.

आधी जुना_वाचक यांच्या प्रश्नाबद्दल, कारण तो महत्त्वाचा आहे. काका, तुमचं बहुधा शोक करणं होतं, आणि त्याला औषध लागलं नाही हे योग्यच झालं. शोक लाटांनी येतो. फोटो दिसला, सण आला की उचंबळून येतं, मग ओसरतं. मध्ये नातवंडाच्या बोलण्यावर हसूही येतं. कुणी जवळ बसलं तर बरं वाटतं. आणि मुख्य म्हणजे गेलेल्या माणसाची उणीव भासते, पण आपण स्वतः कवडीमोल आहोत असं वाटत नाही. नैराश्यात लाट नसते, साचलेलं पाणी असतं. चांगली बातमी आली तरी आत काही हलत नाही. "माझा काय उपयोग", "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास" हा सूर येतो. अर्थात शोकातूनही नैराश्यात जाता येतं, म्हणून तुम्ही त्या वर्षी कुणाला दाखवलं असतंत तर बिघडलं नसतं. धुऱ्यावरचा यांनी लिहिलंय ते मी माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगतो. उदास व्हायला कारण आहे याचा अर्थ उपचार नकोत असा नाही. पाय घसरून मोडला तर घसरण्याचं कारण कळलं म्हणून प्लास्टर टाळत नाही.

आता आम्ही काय बघतो ते. मन सतत उदास असणं, किंवा आवडीच्या गोष्टींतला रस जाणं, या दोनपैकी एक तरी असावंच लागतं. त्याच्या जोडीला झोप बिघडणं, भूक आणि वजन बदलणं, काही न करता थकवा, हालचाल आणि बोलणं मंदावणं किंवा उलट सारखी तगमग, लक्ष न लागणं आणि साधे निर्णय न जमणं, अपराधी वाटणं, मरणाचे विचार. अशा नऊपैकी पाच गोष्टी जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ, सलग दोन आठवडे असतील आणि रोजचं काम अडत असेल तर आम्ही नैराश्याचा आजार म्हणतो. यावरच 'पीएचक्यू-९' ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली आहे. ० ते २७ गुण. १० किंवा जास्त आले तर दाखवून घ्यावं. शेवटच्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या विचारांबद्दलच्या, "नाही" सोडून कोणतंही उत्तर असेल तर बाकी गुण कितीही असोत, थांबू नये. निदान त्या कागदावर होत नाही, तो फक्त ताप मोजतो.

पहाटेबद्दल थोडं जास्त लिहितो. नेहमीपेक्षा दोन तास आधी मोडणारी झोप, सकाळ सगळ्यात जड आणि संध्याकाळी जरा हलकं, ही तीव्र नैराश्याची फार ओळखीची खूण आहे. घरचे म्हणतात, "संध्याकाळी तर चांगले बोलतात, सकाळीच नाटकं." नाटक नसतं. त्या माणसाला भेटायचं असेल तर सकाळी भेटा.

आणि निरवानिरव. वस्तू वाटणं, कागदपत्रं समजावणं, जुन्या लोकांना फोन करून माफी मागणं, किंवा अतिशय अस्वस्थ असलेला माणूस काही उपचार नसताना एकाएकी शांत होणं. असं दिसलं तर त्याच दिवशी विचारा. विचारल्याने डोक्यात विचार घातला जातो ही समजूत चुकीची आहे. जो विचार तिथे असतो, तो विचारल्यामुळे बोलता येतो. शब्द साधे ठेवा: "जीव नकोसा होतो का? स्वतःला काही करावं असं मनात येतं का?" उत्तर "हो" आलं तर उपदेश करू नका, त्यांना एकटं सोडू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. पोलिस केसच्या भीतीने कित्येक घरं आधी झालेला आत्महत्येचा प्रयत्न आमच्यापासूनही लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशा माणसाला तीव्र ताणाखाली असलेला मानलं आहे, आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी केली आहे.

एक सूचना राहिली. पूर्वी कधी याच्या उलट काळ येऊन गेला असेल, म्हणजे चार-चार दिवस झोपेची गरज नाही, प्रचंड उत्साह, वारेमाप खर्च, मोठमोठ्या योजना, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. तो आजार वेगळा, त्याची औषधं वेगळी.

जुना_वाचक | १३ जून, दुपारी ३:१२

डॉक्टर, लाटांचं तुम्ही लिहिलंत ते तंतोतंत माझं आहे. माझी शंका फिटली. मात्र आमच्या कट्ट्यावर एक गृहस्थ आहेत, त्यांचं ते साचलेलं पाणी आहे, हे वाचताना लक्षात आलं. उद्या सकाळी त्यांच्याकडे जातो. संध्याकाळी नाही.

ओली_माती | १३ जून, रात्री ९:४०

मी न्यू जर्सीत असते, मूळची नाशिकची. मुलगी झाली तेव्हा आई सहा महिन्यांसाठी इकडे आली होती. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, बाळाला तेल, सगळं साग्रसंगीत. लेक वेळेवर पीत होती, तिचं वजन वाढत होतं. तिचं मी एकही काम चुकवलं नाही. पण तिला मांडीवर घेतलं की मला काहीच वाटायचं नाही. एखाद्या परक्या बाईचं बाळ सांभाळतेय असं. हे मी कुणाला सांगणार? आपल्याकडे आईने असं बोलायचं नसतं.

आई म्हणायची, "बाळ झोपलं की तूही झोप." बाळ झोपायचं आणि मी छताकडे बघत पडून राहायचे. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की हाच प्रश्न नव्या आईला विचारायचा असतो. बाळ उठवतं म्हणून झोप मोडणं वेगळं. बाळ गाढ झोपलेलं असताना आणि अंग मोडून आलेलं असताना झोप न येणं वेगळं. पहिल्या आठवड्यात उगीच रडू येतं, ते बहुतेकींना येतं आणि साधारण दोन आठवड्यांत निवळतं. माझं दोन महिने चाललं.

थांबलं काय होतं? नाशिकच्या मैत्रिणींचा ग्रुप. पाचशे-पाचशे मेसेज न वाचता पडून. त्या म्हणायच्या, आई झाली, बिझी झाली.

लेकीच्या लसीसाठी गेलो तिथे नर्सने मला दहा प्रश्नांचा कागद दिला. बाळंतिणीच्या नैराश्यासाठी १९८७ मध्ये एडिंबरात तयार झालेली ती प्रश्नावली होती. मी खरी उत्तरं लिहिली, कारण समोर आई नव्हती. तिथून उपचार सुरू झाले.

नंतर मी आपल्याकडचं शोधून वाचलं. गोव्यात झालेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांमध्ये नैराश्य आढळलं होतं. गरिबी आणि नवऱ्याशी न पटणं ही कारणं होतीच, शिवाय मुलगी झाली म्हणूनही धोका वाढत होता. हे वाचून मी माझ्या लेकीला कितीतरी वेळ घट्ट धरून बसले होते. तेव्हा ती दोन वर्षांची होती आणि मला सगळं वाटत होतं.

चांदणचुरा | १४ जून, सकाळी ११:२०

सासूबाईंना विचारलं. आधी म्हणाल्या काही नाही गं. मग भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "कुणासाठी काढायची रांगोळी." धाकटे दीर बंगळुरूला गेल्यापासून त्यांचं हे चाललंय. शुक्रवारी डॉक्टरांकडे जातोय, गुडघ्यांसाठी म्हणून. बाकीचं मी आत गेल्यावर सांगेन.

मनवैद्य | १४ जून, दुपारी १:४५

चांगलं केलंत. फक्त त्यांना अंधारात ठेवू नका. "गुडघ्यांबरोबर झोपेचं आणि मनाचंही विचारू या" एवढं घरीच सांगा. नाहीतर डॉक्टरांसमोर त्यांना फसवल्यासारखं वाटेल आणि पुढच्या वेळी त्या येणार नाहीत.

पेठेतला_पाहुणा | १४ जून, रात्री ११:३०

सदाशिव पेठेत राहून एमपीएससी करतो, पाचवं वर्ष. माझ्या रूम पार्टनरचं सांगतो, त्याला विचारून.

पूर्व परीक्षेचा निकाल लागला, दोन मार्कांनी राहिला. पहिले आठ दिवस आम्ही सगळेच तसे असतो. पण महिना झाला तरी तो अभ्यासिकेत आला नाही. दिवसभर झोपायचा. वर केवडा यांच्या बाबांची झोप गेली होती, याची वाढली होती, म्हणून आम्हांला वाटलं आळस. अंघोळ तीन-तीन दिवस नाही. माझ्या लक्षात आलं ते डब्यामुळे. खाणावळीचा डबा दाराशी यायचा आणि भरलेलाच परत जायचा. मावशी म्हणाल्या, "तुमच्या मित्राला आमचं जेवण आवडत नाही का?" तीन वर्षं तोच डबा चाटूनपुसून खाणारा मुलगा.

मी आधी सगळ्या चुका केल्या. "अरे, उठ, पुढच्या वेळी निघेल." अमक्याची सातव्या प्रयत्नात पोस्ट निघाली, तमक्याची आठव्या. प्रत्येक उदाहरणाने तो आणखी भिंतीकडे सरकत होता. त्याला परीक्षेचं बोलणंच नको होतं. एका रात्री मी काही न बोलता त्याच्या कॉटवर बसलो आणि विचारलं, "मरावंसं वाटतं का रे?" बराच वेळ गेला. म्हणाला, "घरच्यांचे पैसे तरी वाचतील." माझे हातपाय गार पडले. मी १४४१६ वर फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. ही टेलिमानसची हेल्पलाइन, २०२२ पासून आहे, फुकट आहे, रात्रीही चालते, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या ताईंनी आधी माझ्याशी आणि मग त्याच्याशी बोलून सकाळी कुठे जायचं ते सांगितलं. सकाळी मीच बरोबर गेलो. ओपीडीच्या रांगेत आम्ही चालू घडामोडी सोडून सगळ्यावर बोललो.

त्याने घरी सांगायला अजून दोन महिने घेतले. वडिलांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "गावाकडं ये, उसाला पाणी द्यायला माणूस नाही." तो गेला. पुढे परीक्षा देणार की नाही, आम्ही विचारत नाही.

शेणोली | १५ जून, सकाळी १०:०५

गोव्यात समुपदेशनाचं काम करते. आमच्याकडे कुणी "नैराश्य" म्हणत नाही. बायका "टेन्शन" म्हणतात, नाहीतर अंग दुखतं, पांढरं जातं, चक्कर येते. पुरुष म्हणतात काम जमत नाही. मी शब्द बदलायला सांगत नाही, त्यांचाच शब्द घेऊन पुढे जाते.

सौम्य-मध्यम आजारात आणि औषधांच्या जोडीलाही आम्ही एक साधी गोष्ट करतो. मन लागलं की काम करीन असं माणूस म्हणतो. आम्ही उलट जातो. आधी अगदी छोटं काम ठरवतो, मन नसलं तरी ते करायचं आणि नंतर कसं वाटलं ते लिहायचं. एक बाई फक्त अबोलीला पाणी घालण्यापासून सुरू झाली. 'संगत' संस्थेने याच पायावर सहा ते आठ भेटींचा कार्यक्रम इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तपासून पाहिला, भेटी घेणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. तो उपयोगी ठरल्याचं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. पण घरच्यांनी हे "चल, उठ, काहीतरी कर" असं हुकूम म्हणून करू नये. काम त्या माणसानेच निवडायचं असतं आणि लाजेल इतकं लहान असलं तरी चालतं.

पाऊलवाट | १६ जून, पहाटे ३:२२

तीन दिवस हा धागा वाचतोय. यातलं बरंचसं माझं आहे.

हिंजवडीत नोकरी, एकटा राहतो. मीटिंगला कॅमेरा बंद ठेवतो. आईचा फोन आला की उचलण्याआधी घसा साफ करून दोनदा नुसतं हॅलो म्हणून बघतो, आवाज बरा येईपर्यंत. ती म्हणते, आवाज छान येतोय आज. गाडीवर बसलं की मी गुणगुणायचो, ते कधी थांबलं आठवत नाही. काम पूर्ण करतो, त्यामुळे कुणाला कळायचं कारण नाही. काय विचारायचंय तेही नीट माहीत नाही.

केवडा | १६ जून, पहाटे ५:३५

पाऊलवाट, मी आत्ताच वाचलं. लिहिलंत ते फार बरं केलंत. बाबांना त्यांच्या डॉक्टरांनी विचारलं तेच विचारते, रागावू नका. जगू नये असं मनात येतं का?

पाऊलवाट | १६ जून, पहाटे ५:५०

झोपलो तर उठूच नये असं वाटतं. रोज. पुढे काही ठरवलेलं नाही.

मनवैद्य | १६ जून, सकाळी ६:१५

पाऊलवाट, खरं सांगितलंत, आभार. असे विचार या आजारात येतात आणि उपचाराने जातात. आज तीन गोष्टी करा. तुम्हांला ओळखणाऱ्या एका माणसाला, भाऊ, मित्र, ऑफिसमधला कुणीही, आत्ता मला सांगितलंत तेवढंच वाक्य सांगा. दुसरं, १४४१६ वर फोन करा, इथे लिहिलंत तेच वाचून दाखवलंत तरी पुरे. तिसरं, या आठवड्यातच मनोविकारतज्ज्ञांची वेळ घ्या. विचार "उठूच नये" वरून "काहीतरी करावं" इकडे सरकला, किंवा घरातल्या एखाद्या वस्तूची भीती वाटायला लागली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा आणि तिथे असंच सरळ सांगा. आज एकटे राहू नका.

काम पूर्ण होतंय म्हणून आजार लहान असं समजू नका. सगळी ताकद कामात संपते आणि घरी आल्यावर पाणी प्यायलाही उरत नाही, असे पेशंट मी रोज बघतो.

पेठेतला_पाहुणा | १६ जून, सकाळी ७:४०

दादा, मी पुण्यातच आहे. संपर्कातून मेल केलाय. दवाखान्यात बरोबर येतो. रांगेत बसायचा मला सराव आहे.

पाऊलवाट | १६ जून, रात्री ८:५५

थोरल्या भावाला फोन केला. तो साताऱ्याहून निघालाय, रात्री पोचेल. हेल्पलाइनवर वीस मिनिटं बोललो. गुरुवारी सकाळची वेळ मिळाली आहे. पाहुणा, तुझा मेल मिळाला, तूही ये.

डॉक्टर, जाताना काय न्यायचं? आधीचे रिपोर्ट काहीच नाहीत माझ्याकडे.

मनवैद्य | १६ जून, रात्री ९:२०

रिपोर्ट नसले तरी चालतील, रक्ताच्या तपासण्या ते सांगतील. कशासाठीही घेत असाल त्या गोळ्यांची नावं न्या, आयुर्वेदिक असतील तर त्यांचीही. दारू-सिगारेटचं खरं सांगा. भावाला आत घेऊन जा. आणि गुरुवारपर्यंत रोज झोप किती वाजता मोडते ते एका कागदावर लिहून ठेवा. पहिल्या भेटीत त्याचा फार उपयोग होतो.

जुना_वाचक | १७ जून, सकाळी ८:३०

कट्ट्यावरच्या गृहस्थांकडे सलग तीन सकाळी जाऊन आलो. पहिले दोन दिवस त्यांनी दार अर्धंच उघडलं. आज आत बोलावलं. पाऊलवाट, तुम्ही कसे आहात?

पाऊलवाट | १८ जून, सकाळी ७:१०

भाऊ आहे इथे. कालपासून पोहे तोच करतोय. कागद केलाय. परवा ३ वाजून १० मिनिटं. काल ३:१५. आज ३:४०.